फर्नलींची हिमनदी

ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात थॉमस फर्नली या नॉर्वेजियन चित्रकाराचे ग्रिंडेलवाल्डच्या हिमनदीचे तैलचित्र आहे. साल १८३८. उंची दीड मीटरहून अधिक, रुंदी दोन मीटरांच्या आसपास. धुक्यातून बर्फाचे टोकदार सुळके दरीत उतरताना दिसतात आणि खाली, सहज नजरेतून निसटेल एवढा लहान, आपल्या जनावरांसह एक मेंढपाळ.

फर्नली ड्रेस्डेनला योहान क्रिस्टियान डाल यांच्याकडे शिकले. डाल व विख्यात कास्पार डाविड फ्रीडरिश एकाच घरात राहत. फ्रीडरिश यांनी वाट्समान शिखर रंगविले खरे, परंतु आल्प्स त्यांनी कधी पाहिला नव्हता; शिष्याच्या जलरंगचित्रावर त्यांनी काम भागविले. फर्नली मात्र १८३५ साली स्वतः ग्रिंडेलवाल्डला गेले. वयाच्या ३९ व्या वर्षी, १८४२ मध्ये, म्युनिकला त्यांचे निधन झाले.

समीक्षक या चित्रात निसर्गाची भव्यता पाहतात. आम्हांस तो मेंढपाळ अधिक बोलका वाटतो. पाहुण्यांना जे भव्य, ते त्याच्या पूर्वजांना भयंकर होते. सन १६०० च्या सुमारास येथील हिमनद्यांनी पुढे सरकत घरे व गोठे गिळले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शीतयुग टिकले. म्हणजे फर्नलींनी पाहिली ती हिमनदी भरात होती.

ग्रिंडेलवाल्ड धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट झाले होते. पर्वतरांगेच्या पलीकडे, कॅथॉलिक वाले प्रांतात, आल्प्समधील सर्वांत लांब अशी आलेच हिमनदी आहे. तिच्या बर्फाने अडविलेले मॅर्येलेन सरोवर फुटले की खालची गावे पाण्याखाली जात. १६७८ साली फीश व फीशरटाल येथील भाविकांनी नवस केला: आम्ही सदाचाराने राहू, देवाने हे बर्फ आवरावे. १८६२ पासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूकही निघू लागली.

त्यानंतर बर्फ मागे हटू लागले आणि थांबलेच नाही. आलेच हिमनदी आजवर तीन किलोमीटरांहून अधिक आखडली आहे. म्हणून २००९ साली तेथील धर्मग्रामस्थांनी पोपमहाशयांकडे नवसाचे शब्द बदलण्याची अनुमती मागितली. ती मिळाली. नवस देवापुढे केलेला, तो आपल्या मनाने फिरवायचा नाही, ही त्यांची निष्ठा आम्हांस विशेष वाटते. मिरवणूक तीच राहिली. प्रार्थना आता बर्फ टिकावे अशी आहे.

फर्नलींनी रंगविलेले ते सुळके आज ग्रिंडेलवाल्डच्या दरीत उतरत नाहीत. तेथे उघडा खडक आहे.