पोर्शेचा मागचा आर्म आणि सफारीचे खड्डे

रॅलीच्या गाड्यांचा विषय निघाला की गप्पा हमखास इंजिनावर जातात. किती हॉर्सपॉवर, शंभरचा वेग किती सेकंदांत, वगैरे. पण पूर्व आफ्रिकेतल्या सफारी रॅलीचा निकाल बरेचदा गाडीच्या पोटाखाली लागायचा!

ही रॅली १९५३ साली, एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने सुरू झाली. रस्ते म्हणजे धूळ, दगड आणि पाऊस आला की नुसता चिखल. १९६८ साली ९३ गाड्या निघाल्या आणि शेवटपर्यंत पोचल्या फक्त ७. बाकीच्यांचं काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा.

पोर्शे ९११ या रॅलीत १९७२, १९७४ आणि १९७८ अशी तीनदा दुसरी आली. पहिली एकदाही नाही. मॉन्टे कार्लो रॅली मात्र याच गाडीने १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षं मारली होती. मग घोडं अडलं कुठे?

त्या काळच्या ९११ चं मागचं प्रत्येक चाक एका ट्रेलिंग आर्मवर असायचं. आर्मचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला, दुसरं चाकाला. चाक खड्ड्यात आपटलं की ते मागे ओढलं जातं, आणि आर्म नुसता वाकत नाही, तो पिळलाही जातो. हा पीळ महत्त्वाचा. उघड्या पन्हळीसारखा पत्रा पटकन पिळतो, पण तोच चारी बाजूंनी बंद केला की कितीतरी पट ताठ होतो. म्हणून रॅलीवाले असे आर्म भक्कम करताना वरून पट्ट्या वेल्ड करतात, उघड्या बाजू बंद करतात.

इथवर सोपं आहे. गंमत पुढे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या धातूचे गुण बदलतात, आणि पट्टी जिथे संपते नेमका तिथेच ताण गोळा होतो. तडा तिथूनच जातो. शिवाय आर्म वाकायचा थांबला म्हणून धक्का नाहीसा होत नाही. तो बुशमध्ये जातो, बोल्टमध्ये जातो, नाहीतर सांगाड्यात. नुसताच आर्म जाड करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

१९७४ साली ब्यॉर्न वाल्डेगार्डच्या पोर्शेला मागच्या सस्पेन्शननेच दगा दिला आणि तो दुसरा आला. जिंकला जोगिंदर सिंग! केनियात जन्मलेला, वडिलांच्या गॅरेजमध्ये पाने फिरवत वाढलेला सरदारजी. गाडी होती मित्सुबिशी लान्सर. मागे सरळ अ‍ॅक्सल, आणि ट्रकला असतात तसले पाटे. ताकद पोर्शेपेक्षा कितीतरी कमी.

म्हणजे जुनं तेच चांगलं? नाही हो, इतकं सोपं नाही. १९७८ साली पोर्शेने गाडी जमिनीपासून तब्बल २८ सेंटिमीटर उचलून आणली, तरी दुसरा आणि चौथाच नंबर आला. त्या वर्षी जिंकलेल्या प्यूजो ५०४ कूपेला मागे पाटे नव्हते, तिची मागची चाकंही स्वतंत्र आर्मवरच होती. तेव्हा दोष आर्म या कल्पनेचा नाही. प्रश्न एवढाच, की धक्का चाकापासून सांगाड्यापर्यंत जाताना वाटेतला प्रत्येक भाग त्याला पुरून उरतो का?

आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी दुसरं काय करतो? एक सर्व्हर मोठा केला की डेटाबेस गळ्याशी येतो. फरक इतकाच, की आमच्याकडे फक्त पेज उघडत नाही. तिकडे ताशी दीडशेच्या वेगात मागचं चाक वाट सोडतं.

तेव्हा गाडीचे आर्म भक्कम करून घेणार असाल, तर वेल्डिंगवाल्याला आधी एक प्रश्न विचारा: "यानंतर काय तुटेल?" त्याच्याकडे उत्तर असेल, तरच गाडी त्याच्या हातात द्या.