रद्दीत गेलेली घरटी

गेल्या मे महिन्यात आमच्या बाल्कनीतल्या मधुमालतीच्या वेलात लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. वाटीएवढं घरटं. बारीक काड्या, कोळ्याच्या जाळ्याने सांधलेल्या. आत तीन अंडी, फिकट गुलाबी, वर तांबूस-जांभळे शिंतोडे. मी रोज फोटो काढत होतो. आधी दुरून, मग पानं बाजूला करून, मग स्टुलावर चढून फोन अगदी घरट्याच्या काठाशी नेऊन. स्टेटसवर लोक बदाम पाठवत होते. पाचव्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. वेलीतून कावळा उडताना आईने पाहिला होता. ती एवढंच म्हणाली, "पानं तूच बाजूला केलीस ना रे?"

त्यानंतर बरेच दिवस मी पक्ष्यांची पुस्तकं चाळत होतो. बुलबुल दोन-तीन अंडी घालतो, ती अशी दिसतात, पिल्लं साधारण दोन आठवड्यांत बाहेर येतात, हे सगळं तिथे दोन ओळींत लिहिलेलं असतं. पण या दोन ओळी आल्या कुठून? कोणीतरी कधीतरी घरट्यात हात घातला असणारच. तो हात कोणाचा, हे शोधताना एक विचित्र इतिहास हाती लागला. आपल्याला पक्ष्यांच्या घरट्यांबद्दल जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं ज्यांनी ती घरटी लुटली त्यांच्याकडूनच आलेलं आहे.

काँग्रेसवाला ह्यूम, अंडीवाला ह्यूम

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव शाळेच्या पुस्तकात एकाच वाक्यात येतं: १८८५ साली काँग्रेस स्थापन करणारा इंग्रज. मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत पहिलं अधिवेशन भरलं, वगैरे. परीक्षेत एक मार्क मिळतो आणि आपण पुढे जातो. पण त्याच ह्यूमचं दुसरं आयुष्य पक्ष्यांनी भरलेलं होतं. १८७२ मध्ये त्याने 'स्ट्रे फेदर्स' नावाचं पक्ष्यांना वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. शिमल्याच्या जाखू टेकडीवरच्या आपल्या घरात त्याने पक्ष्यांचं संग्रहालय उभारलं. आणि देशभर पसरलेल्या अधिकाऱ्यांचं एक जाळं विणलं. कोणी कलेक्टर, कोणी डॉक्टर, कोणी रेल्वेत, कोणी जंगलखात्यात. हे सगळे त्याला पत्रं, पेंढा भरायची कातडी आणि अंडी पाठवायचे. दख्खनची माहिती डेव्हिडसन आणि वेंडन या जोडीकडून यायची. आपला नाशिक-खानदेश-साताऱ्याचा मुलूख त्या पानांत भेटतो तो असा.

अंडी जमवणं हा तेव्हा साहेबलोकांचा मोठा छंद होता. रीत ठरलेली होती. घरट्यातली सगळीच अंडी उचलायची, कारण एका वेळेला किती घातली हे कळायला हवं. अंड्याच्या बाजूला बारीक भोक पाडायचं, नळीने फुंकून आतला बलक बाहेर काढायचा, कवच धुऊन वाळवायचं आणि कापसाच्या गादीवर ठेवायचं. सोबत एक चिठ्ठी: पक्षी कोणता, जागा कोणती, तारीख काय, अंडी किती.

या सगळ्यातून १८७३ ते १८७५ दरम्यान ह्यूमचा भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवरचा आणि अंड्यांवरचा मोठा ग्रंथ कच्च्या खर्ड्याच्या रूपात छापून निघाला. पक्की आवृत्ती पुढे काढायची होती. त्यासाठी तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला.

आणि मग एकदा तो शिमल्याबाहेर असताना एका नोकराने संग्रहालय फोडलं. अंड्यांना हात लावला नाही, पक्ष्यांना नाही. त्याने नेले ते कागद. काही मण हस्तलिखित बाजारात रद्दी म्हणून विकलं गेलं. त्यात जवळपास सातशे जातींच्या पक्ष्यांची कमी-अधिक पूर्ण चरित्रं होती. चोरी लक्षात यायलाच कित्येक महिने गेले, तोवर शिमल्यातल्या दुकानदारांनी त्यात काय काय बांधून दिलं असेल कोण जाणे. गंमत म्हणा की दैव, वाचल्या त्या चिठ्ठ्या. पूर्ण आकाराचे मोठे कागद गेले. रद्दीला किंमत नाही असे छोटे तुकडे तसेच मागे राहिले.

१८८५ मध्ये ह्यूमने आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. सुमारे ८२ हजार नमुने, त्यातली अंडीच अठरा हजारांच्या वर. तोवर तो थिऑसॉफीच्या वाटेने जाऊन शाकाहारी झाला होता. घरट्यांचा ग्रंथ शेवटी त्याचा मित्र युजीन ओट्स याने उरलेल्या सामग्रीतून तीन खंडांत काढला, १८८९-९० मध्ये.

ज्यांची चिठ्ठी नाही, ते

या इतिहासात एक मोठी रिकामी जागा आहे. कलेक्टरसाहेब बाभळीवर चढत नव्हते. घरटं कुठे आहे हे ठाऊक असणारा, काट्यांत हात घालणारा, अंडी फडक्यात गुंडाळून आणणारा माणूस बहुतेकदा गावातला असायचा: पारधी, भिल्ल, गुराखी, शिकारी. चिठ्ठीवर नाव साहेबाचं. त्याचं नाव फार क्वचित.

या माणसांकडे स्वतःचं पक्षिशास्त्र होतं. कावळ्याने घरटं झाडाच्या मध्यावर बांधलं तर पाऊस बरा, शेंड्यावर बांधलं तर कमी, हे आडाखे आजही खेड्यांत ऐकू येतात. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की सखल भागात पाणी भरणार. हे खरं ठरतं की नाही हा वेगळा प्रश्न. पण आडाखा बांधायला आधी दरवर्षी घरटी बघावी लागतात. कोकिळेला 'परभृत' म्हणजे दुसऱ्याने पोसलेली म्हणणाऱ्या लोकांनी कावळ्याच्या घरट्यात डोकावलेलं होतंच. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्र नेतो, कारण टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते हे सांगणाऱ्यालाही माहीत आणि ऐकणाऱ्यालाही.

शास्त्राने यात जे घातलं ते 'का'. ढोलीत किंवा बिळात घरटं करणाऱ्या पोपट, घुबड, खंड्या, वेडा राघू यांची अंडी पांढरी असतात. अंधारात लपवायला रंग लागत नाही. टिटवीची अंडी मातीच्या रंगाची, डागाळलेली, कारण तिच्याकडे तोच एक पडदा आहे. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो आणि ते सातभाईंच्या अंड्यांसारखंच निळं असतं. हे सगळे रंग मुख्यतः दोनच रंगद्रव्यांच्या कमी-जास्त मिश्रणातून येतात, एक तांबूस-तपकिरी आणि एक निळं-हिरवं. अंड्याचा रंग पाहून पक्षी कुठे राहतो आणि कोणाला घाबरतो, याचा अंदाज बांधता येतो.

किहीमचा एक पावसाळा

१९३० साली सालिम अली जर्मनीतून शिकून मुंबईत परतले तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. तो पावसाळा त्यांनी घरटी बघण्यात घालवला. अंडी फुंकायची नाहीत, कवचं पेटीत ठेवायची नाहीत. आडोशाला बसायचं आणि कोणता पक्षी कधी काय करतो ते रोज लिहायचं.

त्यातून जे निघालं ते आधीच्या अंडीवाल्यांच्या पेट्यांतून कधीच निघालं नसतं. घरटं विणतो तो नर. तो अर्धवट घरटं लटकवतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं की ती ताबा घेते, मग तो ते पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात हे छापून आलं.

आपण या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतो. बहिणाबाईंची सुगरणीची कविता शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केली. नाव बाईचं आणि कारागिरी बहुतांशी बुवाची. पण शब्द बदलायची काही गरज नाही, कारण घर पास-नापास करणारी तीच आहे.

कवचाची साक्ष

मग त्या हजारो रिकाम्या कवचांचा काहीच उपयोग झाला नाही का? झाला, आणि तो जमवणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात नव्हता असा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या घसरू लागली. घरट्यात अंडी आपोआप फुटत होती. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहांतली जुनी कवचं बाहेर काढली, त्यांचं वजन केलं, लांबी-रुंदी मोजली आणि नव्या अंड्यांशी ताडून पाहिली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवच अचानक पातळ झालेलं दिसलं, जवळजवळ पाचव्या हिश्शाने. डीडीटीची फवारणी सुरू झाली तोच हा काळ. डीडीटी किडीतून छोट्या पक्ष्यांत, तिथून ससाण्यात जात होतं आणि कवचाला लागणारं कॅल्शियम अडवत होतं. मादी बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटायचं. १९६७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि डीडीटीविरुद्धच्या पुराव्यांतला एक भक्कम पुरावा ठरला.

इथे पुन्हा ती चिठ्ठी आठवते. तारखेशिवाय ही कवचं म्हणजे नुसती शोभेची टरफलं असती. ती १९४७ च्या आधीची की नंतरची, हे कागदाच्या कपट्याने सांगितलं.

म्हणून अंडी पळवणं योग्य होतं असं नाही. एकेका जातीच्या शेकडो वीणी लोकांनी केवळ हौसेने रिकाम्या केल्या. दुर्मीळ पक्ष्याचं अंडं जास्त मोलाचं, म्हणजे जो आधीच कमी त्याच्याच मागे सगळे. ब्रिटनने १९५४ मध्ये कायद्याने याला लगाम घातला. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या जरूर वाचा. रानपक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं तर तिच्यात येतंच, पण अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेसुद्धा येतं.

ते वाचलं तेव्हा मला मधुमालतीचा वेल आठवला. मी बंदूक उचलली नव्हती. अंडं उचललं नव्हतं. फक्त पानं बाजूला केली होती. कावळ्यालाही आपली पिल्लं असतात, त्याचं काही चुकलं नाही. वाट मी दाखवली.

माझ्या फोनमध्ये त्या घरट्याचे एकशे चाळीस फोटो आहेत. म्हणजे माझीही एक कापसाची पेटीच. फरक एवढाच की माझ्या पेटीत चिठ्ठी नाही: घरटं जमिनीपासून किती उंच होतं, पहिलं अंडं कोणत्या दिवशी आलं, मादी किती वेळ बसायची, यातलं काही मी लिहिलं नव्हतं. अनेक पक्षी-गट आता घरट्यांचे फोटो घेतच नाहीत, ते बरंच करतात.

यंदा बुलबुल पुन्हा आलेत. वेलात नाही, खालच्या जास्वंदीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो, काच बंद ठेवून. अंडी किती आहेत मला माहीत नाही. आईने फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, त्यावर आम्ही दोघं लिहितो. कालची नोंद तिची आहे: "सकाळी ७.१०. चोचीत अळी घेऊन आला."