सोनोग्राफीची कुळकथा



आपल्या मंडळाची स्मरणिका म्हटली की तीत पाककृती, विणकामाचे नमुने, एखादी यात्रेची हकिगत आणि दोनचार कविता असायच्याच. त्या असाव्यातच. पण यंदा चिटणीसबाईंनी ‘तुम्ही इतिहासावर काही लिहा’ असे सांगितले, तेव्हा मनात आले की इतिहास काही राजेरजवाड्यांचा नि लढायांचाच नसतो. ज्या यंत्राशेजारी आपल्यापैकी बहुतेकजणी कधी ना कधी आडव्या झाल्या आहेत, त्या सोनोग्राफीच्या यंत्रालाही इतिहास आहे आणि तो मोठा मौजेचा आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. ग्रंथालयातून पुस्तके आणली, अडले ते नर्सिंग शिकणाऱ्या पुतणीकडून समजून घेतले, आणि जेवढे नीट समजले तेवढेच येथे लिहीत आहे.

बाजारात माठ घेताना आपण त्याला टिचकी मारतो. चांगला भाजलेला माठ खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द वाजतो. कलिंगडही आपण असेच वाजवून घेतो. आत न डोकावता आवाजावरून आतली परीक्षा करण्याचा हा प्रकार आहे. सोनोग्राफीचे तत्त्व याच्याच शेजारचे. फरक इतकाच, की यंत्राची टिचकी आपल्या कानांना ऐकू येत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तपासणीच्या यंत्राचा आवाज सेकंदाला २० लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा असतो. तो शरीरात शिरतो, आणि जेथे एक भाग संपून दुसरा लागतो तेथून थोडा थोडा मागे फिरतो, विहिरीत हाक मारली की हाक परत येते तसा. परत यायला किती वेळ लागला यावरून ती जागा किती खोल हे कळते. पंधरा सेंटिमीटर खोलीवरून आवाज परत यायला सेकंदाचा पाच हजारावा भाग पुरतो! असे असंख्य प्रतिध्वनी गोळा करून यंत्र पडद्यावर चित्र उभे करते.

या विद्येचे पहिले गुरू कोण म्हणाल, तर वटवाघूळ. इटलीतील स्पालान्झानी नावाच्या विद्वानाने १७९३ च्या सुमारास पाहिले, की डोळे गेलेली वटवाघळेही अंधाऱ्या खोलीत कोठे न आपटता उडतात. जिनिव्हाच्या ज्युरीन यांनी त्यांचे कान बंद करून पाहिले, तो ती आपटू लागली. (बिचाऱ्या वटवाघळांचे काय हाल झाले असतील ते त्यांनाच ठाऊक.) म्हणजे ती कानांनी पाहतात! पण आवाज तर कोणालाच ऐकू येत नव्हता, त्यामुळे पुष्कळांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. पुढे १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिन आणि पिअर्स यांनी खास यंत्राने तो न ऐकू येणारा आवाज पकडला, तेव्हा कोडे उलगडले.

मधल्या काळात, १८८० साली, पॅरिसमध्ये जाक आणि पिअर क्यूरी या दोघा भावांना आढळले की गारेच्या स्फटिकावर दाब दिला तर त्यात वीज उत्पन्न होते. उलट त्याला वीज दिली तर तो किंचित आकसतो नि फुगतो, म्हणजेच कंप पावतो, हेही त्यांनी लवकरच दाखवून दिले. यातले पिअर म्हणजे पुढे रेडियमच्या शोधाने जगप्रसिद्ध झालेल्या मारी क्यूरी यांचे यजमान. आपण त्यांना बाईंचे यजमान म्हणून ओळखतो, हे मला वाचताना फार बरे वाटले. असो. डॉक्टर आपल्या पोटावर जी मूठ फिरवतात, तिच्यातून आवाज निघतो आणि परत आलेला आवाज पकडला जातो, तो याच गुणामुळे.

या शोधाचा पहिला मोठा उपयोग मात्र माणसे वाचवण्यासाठी नव्हे, युद्धासाठी झाला. १९१२ साली टायटॅनिक बोट हिमनगावर आदळून बुडाली, तेव्हापासूनच पाण्यात आवाज सोडून पुढचा धोका ओळखावा असे विचार सुरू झाले होते. इतक्यात पहिले महायुद्ध पेटले आणि शत्रूच्या पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सचे लांजव्हँ यांनी स्फटिकाचे यंत्र बनवले. त्या वेळी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. यंत्राच्या अगदी जवळ आलेले मासे मरत, आणि पाण्यात हात घातला तर हाताला वेदना होत. आवाज जोरदार असेल तर तो निरुपद्रवी नाही, ही जाणीव त्या दिवसापासूनची आहे. म्हणूनच तपासणीत आवाजाचे बळ अगदी थोडे ठेवतात आणि कारणावाचून तपासणी करू नये असे डॉक्टर सांगतात.

पुढे हीच युक्ती कारखान्यांत आली. लोखंडाच्या जाड पत्र्यात कोठे चीर आहे, सांधा कोठे कच्चा आहे, हे न कापता कळू लागले. तेव्हा काही डॉक्टरांच्या मनात आले, की पोलादातले दिसते तर पोटातले का दिसू नये?

पहिले प्रयत्न सगळेच साधले असे नाही. ऑस्ट्रियाचे डुसिक यांनी १९४२ साली मेंदूची अशी चित्रे प्रसिद्ध केली, पण ती मुख्यतः कवटीच्या हाडाने घडवलेली फसवी चित्रे होती असे पुढे ठरले. अमेरिकेत डेन्व्हरला हाउरी यांनी तर रुग्णाला पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवण्याची व्यवस्था केली होती. बॉम्बफेकी विमानाच्या तोफेचे जुने कडे त्या टाकीवर बसवून त्यावरून यंत्र गोल फिरवायचे! चित्रे बरी येत, पण आजारी माणसाला टाकीत कसे बसवणार? स्वीडनमध्ये लुंड गावी एडलर हे डॉक्टर आणि हेर्ट्स हे पदार्थविज्ञानाचे जाणकार अशी जोडी जमली. त्यांनी १९५३ साली कारखान्यातले यंत्र उसने आणून धडधडत्या हृदयावर लावले. हृदयाची झडप आकसली आहे की गळते आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी कळावे ही त्यांची तळमळ. आज घरोघरी ज्याला ‘टू-डी इको’ म्हणतात त्याचा उगम तेथे झाला.

पण आपल्या बायकांच्या दृष्टीने या कथेचा नायक म्हणजे स्कॉटलंडमधील ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनल्ड. दुसऱ्या महायुद्धात ते विमानदलात होते, त्यामुळे रडार वगैरे यंत्रांची त्यांना सवय होती. ग्लासगो म्हणजे बोटी नि बॉयलर बांधणाऱ्यांचे गाव. बॉयलरच्या एका मोठ्या कारखान्याच्या संचालकाची पत्नी त्यांच्याकडे उपचाराला होती. त्या ओळखीतून कारखान्यातील तडे शोधण्याचे यंत्र वापरून पाहण्याची परवानगी मिळाली. २१ जुलै १९५५ रोजी हे गृहस्थ दोन मोटारींच्या डिक्कीत, शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या गाठी आणि पाण्याने भरलेल्या बीजकोशाच्या गाठी घेऊन कारखान्यात हजर झाले! तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. पाहतात तो काय, भरीव गाठीचा आवाज वेगळा, पाण्याच्या गाठीचा वेगळा.

पुढे टॉम ब्राऊन नावाचा पंचविशीच्याही आतला इंजिनियर त्यांना येऊन मिळाला. प्राध्यापकाला यंत्राची हौस, इंजिनियरला डोके, आणि रुग्ण तपासायला मॅकव्हिकर हे तरुण डॉक्टर. तरी इतर डॉक्टर हसत. हातांनी पोट तपासता येते, त्याला यंत्र कशाला? त्याच सुमारास एका बाईंना त्यांच्याकडे पाठवण्यात आले. पोट फुगलेले, प्रकृती खालावलेली. जठराचा कर्करोग, आता इलाज नाही, असे निदान झालेले. यंत्र लावले तो आत प्रचंड मोठी पाण्याची गाठ दिसली. डोनल्डसाहेबांनी शस्त्रक्रिया केली. गाठ बीजकोशाची होती आणि साधी होती. बाई बऱ्या झाल्या. मरणाची वाट पाहणारी बाई घरी चालत गेल्यावर हसणाऱ्यांचे हसू आपोआप कमी झाले. या तिघांचा लेख १९५८ च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय पत्रात आला आणि त्यात गर्भातल्या बाळाच्या डोक्याचेही चित्र होते.

याच वर्षांत इंग्लंडमध्ये ॲलिस स्ट्युअर्ट या डॉक्टरबाई एका वेगळ्याच शोधात होत्या. कर्करोगाने दगावलेल्या लहान मुलांच्या आयांना त्यांनी प्रश्न विचारवले. बाळंतपणापूर्वी काय काय झाले होते, आठवा. आयांच्या आठवणींतून असे दिसले, की पोटुशी असताना ज्यांचा एक्स-रे काढला गेला, त्यांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट. हे १९५६ नि १९५८ साली छापून आले. तरी डॉक्टरांच्या गळी उतरायला फार वर्षे गेली. बायकांना विचारून काय शास्त्र होते, असेही कोणाला वाटले असेल! पण अखेर गर्भवतीचा एक्स-रे मागे पडला आणि त्याची जागा आवाजाने घेतली.

आता पाण्याविषयी. तपासणीपूर्वी तांब्याभर पाणी पिऊन, लघवी धरून, बाकावर पाय आवळून बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणाला आला नाही? या छळाचे जनकही डोनल्डच. १९६३ साली त्यांच्या ध्यानात आले की मूत्राशय भरलेले असले म्हणजे आतले गर्भाशय स्वच्छ दिसते. पाण्यातून आवाज सुखाने जातो. हवेला मात्र तो पार होत नाही, जवळजवळ सगळा मागे फिरतो. भरलेले मूत्राशय आतड्यांतला वायू बाजूला सारते आणि खिडकीसारखे काम करते. पोटाला थंडगार लेप लावतात तोही कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणूनच. पूर्वी त्यासाठी ऑलिव्हचे तेल लावीत. या युक्तीने सहा-सात आठवड्यांचा गर्भही दिसू लागला. पुढे १९६८ साली स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी बाळाच्या डोक्याची रुंदी मोजून त्याचे वय नि वाढ ठरवण्याची पद्धत पक्की केली.

त्यापूर्वी काय स्थिती होती हे आपल्या आजेसासूबाईंना ठाऊक होते. वार खाली आहे की वर, जुळे आहे की एक, मूल आडवे आहे का, हे सारे सुईणीच्या हाताच्या अंदाजावर. माझ्या धाकट्या जावेला दुसऱ्या महिन्यात पोटात दुखू लागले, तेव्हा सगळ्यांनी अपचन म्हणून ओवा दिला. तपासणीत दिसले की गर्भ पिशवीत नसून नळीत आहे. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. ती आज आपल्या मंडळाच्या भजनात टाळ धरते.

उपचारातही आवाजाने पाय टाकला आहे. १९८० साली म्युनिकमध्ये मूत्रपिंडातील खडा शरीराबाहेरून दिलेल्या आघातलहरींनी प्रथम फोडला गेला. त्या साध्या ध्वनिलहरींहून वेगळ्या असतात, पण खडा कोठे आहे हे दाखवायला बऱ्याचदा सोनोग्राफीच लागते. ज्यांचे हात सारखे थरथरतात त्यांच्यासाठी तर नवलच निघाले. डोक्यावर हजारावर ध्वनियंत्रे बसवलेला टोप ठेवायचा आणि सगळ्यांचा आवाज मेंदूतल्या एकाच बारीक जागी आणायचा, भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणतो तसा. तेवढीच जागा तापून निकामी होते. कवटी उघडावी लागत नाही. अमेरिकेत या उपचाराला २०१६ साली मान्यता मिळाली. रुग्ण आधी वेडीवाकडी रेघ काढतो आणि उपचारानंतर त्याच हाताने बरीच सरळ काढतो.

एवढे सांगून थांबता आले असते तर बरे झाले असते. पण आपल्याकडे ही यंत्रे १९८० नंतर शहरोशहरी आली आणि तिचे जे झाले ते लिहिल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. आईचा जीव वाचवायला निघालेले यंत्र ‘मुलगा की मुलगी’ विचारण्यासाठी वापरले जाऊ लागले. त्याआधीच गर्भजल तपासून हाच प्रकार चालू झाला होता. मुंबईतील स्त्रियांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून अमलात आला. तरी पाट्या लागल्या आणि काम चालूच राहिले. तेव्हा मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००३ साली कायदा अधिक कडक झाला.

शिरगणतीचे आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ८०७. यंत्र ग्लासगोत निघाले, पण हे आकडे आपले आहेत. ज्या घरांतून ते निघाले त्या घरांत पूजा होत होत्या, हळदीकुंकूही होत होते.

कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र पुष्कळजणींना ठाऊक नसतात, म्हणून लिहिते. एक अशी, की लिंग शब्दाने सांगणे जसा गुन्हा आहे तसाच खुणेने सांगणेही. ‘पेढे वाटा’ म्हटले काय किंवा ‘जिलबी आणा’ म्हटले काय, कायद्याच्या लेखी ते सांगणेच. दुसरी अशी, की अशा तपासणीचा खटला उभा राहिला तर, उलट पुरावा नसेल तोवर, गर्भवतीला तिच्या नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असेच न्यायालयाने धरून चालायचे आहे, आणि भाग पाडणाऱ्याला गुन्ह्यास मदत केल्याबद्दल जबाबदार धरायचे आहे. त्या नातेवाइकांत सासूही येते.