लग्नाचा दाखला आणि परदेशाची वेस

वसमत परिसरातल्या घरांतील जुने कागद मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. पत्र्याच्या पेटीत निजामी अमलातली उर्दू खरेदीखते निघतात, सातबारा निघतो, सावकाराच्या पावत्या निघतात. लग्नाचा कागद मात्र क्वचित. मुसलमान घरांत निकाहनामा असतो. हिंदू घरांत फार तर हळदीचे डाग पडलेली लग्नपत्रिका. जमिनीचे कागद जिवापाड जपणाऱ्यांनी लग्नाचा का केला नाही? कारण सरळ आहे. जमिनीवर वाद होणार हे त्यांना ठाऊक होते. लग्नाला अख्खे गाव साक्षीला होते.

ही साक्ष गावाच्या वेशीपर्यंत पुरते. परदेशाच्या वेशीवर ती पुरत नाही आणि त्याचा पहिला मोठा फटका बसतो तो बाईला, असे इतिहास सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम यांना तिथे प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयातील न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तिथल्या कायद्याला मान्य नाही. या एका निकालाने हिंदू, मुसलमान आणि पारशी रीतीने लग्न झालेल्या हजारो स्त्रियांचे पत्नीपण धोक्यात आले. खुद्द कस्तुरबाही त्यांत होत्या. सप्टेंबर १९१३ मध्ये त्या नाताळची हद्द ओलांडून ट्रान्सवालमध्ये शिरल्या, पकडल्या गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा भोगून आल्या. आदल्याच वर्षी तो देश पाहून आलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या लढ्यासाठी हिंदुस्थानात निधी उभा केला. शेवटी १९१४ च्या कायद्याने आपल्या रीतीच्या विवाहांना तिथे मान्यता मिळाली, पण एकाच पत्नीपुरती.

बाईवरचा संशय मात्र त्यानंतरही संपला नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, नियोजित वराकडे निघालेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य चाचणी’ करण्यात आली. ती आधीच विवाहित असावी, हा अधिकाऱ्यांचा संशय. बातमी फुटली, संताप उसळला आणि ब्रिटिश सरकारला तो प्रकार थांबवावा लागला.

आपल्याकडे या काळात काय चालले होते? मुंबई राज्याने १९५३ मध्ये विवाहनोंदणीचा कायदा केला, तेव्हा वसमत हैदराबाद राज्यात होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्याआधी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्याच्या आठव्या कलमात नोंदणीची सोय आहे, पण नोंद नसल्याने विवाहाच्या वैधतेला बाध येत नाही, असेही तेच कलम सांगते. महाराष्ट्राचा सध्याचा नोंदणी कायदा १९९८ चा. नोंदणी सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना फर्मावले ते फेब्रुवारी २००६ मध्ये, सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात.

म्हणजे वसमतमध्ये सप्तपदी होऊन लागलेले लग्न इथे पक्के, पण मुलाकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांना त्याच लग्नाचा दाखला काढावा लागतो. आजचा अर्ज भरताना तीन साक्षीदार लागतात, लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा काझींची सही लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचे भटजी आणायचे कुठून? त्यात आपली रीत अशी, की लग्नात मुलीचे नावच बदलायचे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव, आधारकार्डावर सासरचे नाव आणि नवऱ्याचे. आपल्याला ती एकच बाई दिसते. परदेशी अधिकाऱ्याला दोन दिसतात. मग शपथपत्र, राजपत्रातील नावबदल, पासपोर्टमध्ये दुरुस्ती, अशी वारी सुरू होते.

दाखला मिळाल्यावरही तो परक्या देशात चालावा लागतो. त्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ चा हेग करार आहे. भारत त्यात २००५ मध्ये सामील झाला. राज्य शासनाने प्रमाणित केलेल्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालय ‘अपोस्टिल’ चिकटवते आणि करारातल्या देशांत वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, कॅनडात जानेवारी २०२४ मध्ये. जे देश करारात नाहीत, त्यांच्या वकिलातीची पायरी चढावीच लागते.

पण अपोस्टिल नेमके सांगते काय? दाखल्यावरची सही आणि शिक्का खरा आहे, एवढेच. लग्न खरे की खोटे, याविषयी ते एक शब्द बोलत नाही. म्हणून व्हिसा अधिकारी पुढेही फोटो मागतो, एकत्र राहिल्याचे पुरावे मागतो, प्रश्न विचारतो. लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत वर्षांचे अंतर दिसले, तर अधिकच विचारतो.

एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण दाखल्याकडे परदेशी जाण्याची सोय म्हणून पाहतो आणि व्हिसाची वेळ आली की धावतो. ज्या घरातून कोणी परदेशी जाणार नाही, त्या घरातल्या बाईलाही विधवा पेन्शनसाठी, वारसासाठी, पोटगीसाठी हाच कागद उपयोगी पडतो. बाई मरियमना जे समुद्रापार सोसावे लागले, ते तिला तहसीलच्या दारात सोसावे लागू नये. लग्नाच्या खर्चात दाखल्याचा खर्च सर्वांत कमी असतो. तो हळद उतरण्याआधीच करून टाकावा.