बाळगोळी ते गर्द

बाळगोळी हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणगावात मात्र तो चांगलाच माहितीचा होता. आई दिवसभर गिरणीत, तान्हं खोलीवर. ते रडू नये, झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बारीकशी गोळी द्यायची. त्या बायांना नावं ठेवायला माझी तरी जीभ रेटत नाही.

मुंबईची आणि अफूची ओळख त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू इथून जहाजांनी चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. आता याला काय म्हणावं! असो.

अफूपासून मॉर्फिन, मॉर्फिनपासून हेरॉइन. हे हेरॉइन १८९८ साली बायर कंपनीने चक्क खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं. १९८०च्या दशकात त्याचंच भेसळीचं रूप, ब्राऊन शुगर, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत पोचलं. आपल्याकडे नाव पडलं 'गर्द'. पन्नीवर ठेवायचं, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. पुढे पुढे त्यात मजा अशी राहतच नाही. ओढलं नाही की अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, उलट्या, जुलाब, झोप गायब. व्यसनी मुलं याला 'टर्की' म्हणत. ती टळावी एवढ्यासाठीच पुढचा दम! 'मनात आणलं तर सुटेल' म्हणणाऱ्या काकामंडळींनी हे जरूर वाचावं.

या मुलांवर अनिल अवचटांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. खरा भार उचलला तो मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. व्यसनी माणूस म्हणजे गुन्हेगार नव्हे, आजारी माणूस, या समजुतीवर तिथलं काम उभं राहिलं. बायकांसाठी 'सहचरी' हा गटही झाला. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण घरातली बाई इतकी वर्षं गप्प राहून सोसत असते आणि तिला कुणी विचारत नाही. १९९७ साली डॉ. अनिता गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ती धुरा सांभाळली.

आता गर्दच्या जोडीला वेदनाशामक गोळ्या आहेत, कोडीनवालं खोकल्याचं औषध आहे (पुन्हा खोकला!). घरात कोंडून ठेवून 'सोडवण्यात' एक मोठा धोका असतो. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय मोडते आणि मग जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबू शकतो. डॉक्टरांकडे टर्कीवर औषधं असतात, ब्युप्रेनॉर्फिनसारखी पुढे चालू ठेवायचीही असतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. फोन पेशंटनेच करायला हवा असं नाही, बहिणीने केला तरी चालतो.