व्हीसीत ‘टीम्स’ अडकतंय? आधी दोष नेटचा की संगणकाचा ते पाहा

धाराशिव : मायक्रोसॉफ्ट टीम्सवरची बैठक ऐन वेळी अडकली, की परंडा असो वा उमरगा, कर्मचाऱ्याला वरून आलेली सूचना अर्धवटच ऐकू येते. पण दोष दरवेळी रेंजचाच असतो असं नाही.

आधी हे करा : मोबाइल डेटा बंद ठेवून, ऑफिसच्याच वायफायवर मोबाइलमधून बैठकीत जा. तिथंही अडकत असेल तर नेट कमी पडतंय. मोबाइलवर नीट चालत असेल तर बहुधा संगणकच दमलाय.

नेट कमी असेल तर : स्वतःचा कॅमेरा आणि समोरून येणारे व्हिडिओ, दोन्ही बंद करा. नुसत्या आवाजाला व्हिडिओच्या मानानं फारच थोडं नेट लागतं. जमल्यास वायफायऐवजी केबल जोडा.

संगणक संथ असेल तर : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर क्रोमचे जादा टॅब बंद करा. टीम्सला किमान ४ जीबी रॅम लागते, म्हणजे ४ जीबीचा संगणक काठावरच असतो.

तरीही फरक पडला नाही तर : विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, मायक्रोसॉफ्ट टीम्स, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स असं जाऊन ‘रिसेट’ करा. साठलेली कॅशे साफ होते. चॅट सर्व्हरवर असल्यानं जात नाही, पण पुन्हा लॉगिन करावं लागतं. म्हणून पासवर्ड हाताशी ठेवा आणि हे काम बैठकीच्या आदल्या दिवशीच उरका.