जमिनीला गिऱ्हाईक कोठून आले?

जमिनीला गिऱ्हाईक मिळणे ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की, तिलाही एक इतिहास आहे हे ध्यानात येत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत तो इतिहास ठळकपणे दिसतो. म्हणून येथे आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

मराठेशाहीत मिरासदाराला आपली जमीन विकता येई. परंतु तो व्यवहार केवळ दोघांचा नसे. पाटील, कुलकर्णी आणि गावचे वतनदार साक्षीला बसत आणि मग मिरासपत्र होई. इनामाच्या सनदांत तर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप असे एकेक हक्क मोजून लिहिलेले आढळतात. जमीन म्हणजे अनेक हक्कांची मोळी आहे, हे ते कागद लिहिणाऱ्या कारकुनांना पुरते ठाऊक होते.

इंग्रजी अंमलात प्रिंगल यांच्या मोजणीने ठरवलेला सारा जड झाला आणि इंदापुरातील शेते ओस पडली. जिचा सारा पिकातून निघत नाही, ती जमीन फुकट दिली तरी घेणार कोण? पुढे १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरातच नव्या पद्धतीचा पाया घातला. सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. नंबर ठरला, हद्दीचे दगड बसले, सरकारचे देणे आधी कळू लागले. जमिनीला बाजारात किंमत आली ती येथून.

किंमत आली तशी ती तारणालाही चालू लागली. पुढे आलेले गिऱ्हाईक बहुधा सावकार होता. त्याला नांगर धरायचा नव्हता. जमीन आपल्या नावावर आणि राबणारा कुणबी जागच्या जागी, यातच त्याची सोय होती. अमेरिकेतील यादवी युद्धाने चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच उतरले, त्यात मुदत सरताच सारा वाढला. अखेर १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगल उसळली. सावकारांची दुकाने लुटली गेली. तथापि तेथून पसरलेल्या या दंग्यांचा मुख्य रोख कर्जरोखे आणि वह्या यांवर होता.

यानंतर १८७९ साली दोन कायदे झाले. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याने, खास गहाण दिलेली नसेल तर साध्या कर्जापायी जमिनीचा लिलाव करण्यास बंदी केली. त्याच साली जमीन महसूल कायद्याच्या ६९ व्या कलमाने, इनाम नसलेल्या जमिनीतील खनिजांचा हक्क सरकारने स्वतःकडे राखला. एका हाताने शेत वाचवले आणि दुसऱ्या हाताने मोळीतला पाषाण काढून घेतला! पहिल्याची चर्चा फार झाली. दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, तेव्हा पाण्याखालच्या जमिनीला निराळेच मोल आले. उसामागून कारखानदारी आली. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. पुढे गिऱ्हाईक कोण असावे हेही कायद्यानेच ठरवले. १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याच्या खरेदीवर निर्बंध घातला, १९६१ च्या कायद्याने धारणेला कमाल मर्यादा घातली.

खनिजाचे सूत्र मात्र तुटले नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे ४८ वे कलम खनिजांचा हक्क राज्याकडेच ठेवते, मग ती जमिनीच्या पोटात असोत की पृष्ठावर. म्हणून मुरमाच्या माळाला किंवा भीमाकाठच्या रानाला "खालच्या मालासकट" गिऱ्हाईक शोधणारा मालक, जे आपले नाही तेच विकावयास निघालेला असतो. आणि त्यापायी जादा पैसे मोजणारा घेणाराही फसतो. मुरूम वा वाळू काढून विकावयाची तर सरकारची परवानगी हवी आणि स्वामित्वधन भरले पाहिजे.

सातबारा पाहताना नाव आणि क्षेत्र आपण नीट वाचतो. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या मोळीतल्या कोणत्या काड्या विकणाऱ्याच्या हाती खरोखर उरल्या आहेत? तो विचारल्याशिवाय सौदा करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.